रंधा मशीनचे ढलपी-झाकण आणि कटरपर्यंतची वाट: दोन्हींत एकत्र सुधारणा कशी करावी

थिकनेस प्लेनरवरचे (फळी ठरावीक जाडीची करणाऱ्या रंधा मशीनवरचे) झाकण भिंतीला टेकवून ठेवलेले आणि खाली उघडा कटर ब्लॉक (पाती बसवलेला दंडगोल) फिरत असलेला, हे दृश्य लहान-मध्यम फर्निचर कारखान्यांत नवीन नाही. त्याचा दोष सहसा कारागिराच्या बेफिकिरीवर टाकला जातो. परंतु ते झाकण हातात घेऊन पाहिल्यास कारण वेगळेच दिसते. सहा-आठ बोल्टांनी आवळलेला तो जड पत्रा असतो. ढलप्या अडकल्या की तो पूर्ण सोडवावा लागतो, पाती बदलताना तो उचलायला दुसरा माणूस लागतो आणि परत बसवताना भोके जुळत नाहीत. असे झाकण काही दिवसांनी कायमचे भिंतीशी जाते. म्हणून ढलप्या अडवणारे झाकण सुधारणे आणि पात्यांपर्यंत पोहोचण्याची वाट सुधारणे ही दोन वेगळी कामे न मानता एकच काम मानावे. झाकण उघडायला सोपे हवे, मात्र ब्लॉक पूर्ण थांबण्यापूर्वी ते उघडता येऊ नये.

येथील सूचना प्रामुख्याने बारा ते चोवीस इंच रुंदीच्या, बिडाच्या ओतीव बांध्याच्या थिकनेस प्लेनरसाठी आहेत. बटाला-लुधियानाकडची अशी मशिने आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहेत. त्यांचा बांधा दणकट असतो, पण झाकणाचा विचार बहुधा शेवटी केलेला असतो. सरफेस प्लेनरविषयी, म्हणजे फळीची खालची बाजू सपाट करणाऱ्या मशीनविषयी, थोडे पुढे येईल.

ढलप्या कोठे जातात ते आधी पाहावे

पत्रा कापण्यापूर्वी ढलपीचा प्रवास समजून घेणे आवश्यक आहे. थिकनेस प्लेनरमध्ये ब्लॉक लाकडाच्या वर असतो आणि पात्याचे टोक लाकडाच्या सरकण्याच्या उलट दिशेने कापते. त्यामुळे ढलपी प्रथम लाकूड आत शिरते त्या बाजूने वर उडते, ब्लॉकच्या माथ्यावरून मागच्या, म्हणजे लाकूड बाहेर पडते त्या बाजूकडे फेकली जाते, आणि तेथे तिला वाट मिळाली नाही तर ब्लॉकबरोबर फिरून पुन्हा खाली येते. खाली आलेली ढलपी नुकत्याच रंधलेल्या पृष्ठभागावर पडते आणि बाहेरचा गुळगुळीत रोलर तिला लाकडात दाबतो. फळीवर दिसणारे विखुरलेले उथळ खळगे हे त्याचेच फळ होय.

हे खळगे आणि पात्याच्या खाचेचे डाग यांची गल्लत अनेकदा होते आणि चांगली पाती उगाच धारेला पाठवली जातात. पात्याला खाच पडली असेल तर फळीवर लांबीच्या दिशेने सरळ, किंचित उंचवट्याची रेघ उमटते आणि ती प्रत्येक फळीवर त्याच जागी येते. ढलपीचे खळगे मात्र कोठेही, कसेही पडतात. शंका असल्यास ती जागा ओल्या फडक्याने पुसून थोडा वेळ ठेवावी. दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि खळगा बराचसा वर येतो. तसे झाल्यास दोष पात्याचा नसून झाकणाचा किंवा हवेच्या ओढीचा आहे असे समजावे.

ढलप्यांचे प्रमाणही लक्षात घ्यावे. ३०० मिमी रुंद फळीवरून २ मिमी जाडीचा काप, मिनिटाला ८ मीटर या गतीने घेतला, तर दर मिनिटाला ४.८ लिटर घन लाकूड निघते. सैल ढलप्यांचे आकारमान त्याच्या दहापट धरले तरी ते ४८ लिटर होते, म्हणजे मिनिटाला तीन मोठ्या बादल्या. एवढा माल ज्या तोंडातून बाहेर जायचा आहे, ते तोंड हाताच्या पंज्याएवढे ठेवून आणि वर शोषण न लावता काम भागेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

मेन आयसोलेटर (मशीनचा वीजपुरवठा पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप लावावे व किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. फक्त स्टार्टरचे तांबडे बटण दाबणे पुरेसे नाही. कुलूप लावल्यावर हिरवे बटण एकदा दाबून मशीन खरोखर मृत आहे याची खात्री करावी, आणि ब्लॉक डोळ्यांनी थांबलेला दिसल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. मोजमापे घेताना पाती ब्लॉकमध्येच राहणार असतील, तर त्यांच्या धारेवर खाच पाडलेली लाकडी पट्टी बसवावी. थांबलेल्या पात्यानेही बोट खोल कापते.

ब्लॉक हाताने फिरवताना पट्ट्याच्या पुलीवरून फिरवावा, ब्लॉकवर बोटे ठेवून नव्हे.

झाकणाचा आकार आणि अंतरे

झाकणासाठी १.६ मिमी, म्हणजे १६ गेजचा, पत्रा साधारणतः पुरतो; चोवीस इंची मशीनला २ मिमी घ्यावा, कारण पातळ रुंद पत्रा थरथरतो आणि आवाज वाढवतो. आत डोकावण्यासाठी खिडकी हवी असल्यास ५ ते ६ मिमी जाडीचे पॉलीकार्बोनेट वापरावे. ॲक्रिलिक वापरू नये, कारण गाठ उडून आदळल्यास ते तडकते. खिडकी असावी, असे माझे मत आहे. आत ढलपी साचली आहे की नाही हे पाहण्यासाठी झाकण उघडावे लागले नाही तर अर्धी उघडझाप वाचते.

झाकणाच्या आतल्या बाजूस बोल्टची टोके, वेल्डिंगच्या गाठी किंवा काटकोनी कोपरे राहू देऊ नयेत. ढलप्यांचा पहिला गोळा नेमका अशाच ठिकाणी बसतो आणि त्याच्याभोवती पुढचा साठा वाढत जातो. ब्लॉकच्या माथ्यावरून मागे जाणाऱ्या ढलपीला ज्या दिशेने जायचे आहे, त्याच दिशेने तोंड असावे. म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग मागच्या बाजूस, वर तिरका असावा. सरळ वर उभे तोंड करणे फॅब्रिकेटरला सोपे वाटते, पण त्यात ढलपीला अचानक वळावे लागते. रुंद झाकणातून गोल नळीकडे येताना बाजूच्या भिंतींचा उतार ४५ अंशांपेक्षा सपाट ठेवू नये, आणि चोवीस इंची मशीनला एकाऐवजी दोन तोंडे द्यावीत.

सर्वांत महत्त्वाची जागा मागच्या कडेची आहे. ब्लॉक आणि बाहेरचा रोलर यांच्यामधली पट्टी, जिला काही कारागीर डिफ्लेक्टर म्हणतात, ती पात्याच्या टोकापासून ३ ते ५ मिमी अंतरावर असावी. अंतर त्याहून जास्त झाले की ढलपी फटीतून खाली उतरते. ही पट्टी झाकणाच्या पत्र्याचीच न करता वेगळी, लांबट भोकांत सरकणारी आणि पोलादापेक्षा मऊ पदार्थाची करावी. ॲल्युमिनियम किंवा कठीण लाकूड चांगले, कारण कधी पाते तिला लागलेच तर पट्टी कापली जाते, पोलाद पोलादावर आदळत नाही. पट्टी बसवल्यावर ब्लॉक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून प्रत्येक पात्याचे अंतर पाहावे. एकाच पात्यावरून मोजून थांबू नये.

पुढच्या बाजूचा चिप ब्रेकर (पात्याच्या आधी लाकूड दाबून तंतू उपटू न देणारी पट्टी) हा झाकणाचा भाग नव्हे, तरी त्याची मांडणी याच वेळी तपासावी. त्याची खालची कड पात्याच्या कापवर्तुळापेक्षा, म्हणजे पात्याचे टोक फिरते त्या वर्तुळापेक्षा, साधारण ०.५ ते ०.८ मिमी खाली असते. मशीनसोबतच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. चिप ब्रेकरच्या मागे राळ आणि भुसा साचून तो अडकला असेल, तर लाकडाचे तंतू उपटले जातात, ढलप्या लांब व चिवट निघतात आणि झाकण कितीही चांगले असले तरी तुंबते.

आता बोटांचा प्रश्न. झाकणात हवा आत येण्यासाठी फट ठेवावीच लागते, परंतु त्या फटीतून बोट पात्यापर्यंत पोहोचू नये. आयएसओ १३८५७ या मानकात लांबट फटींसाठी दिलेली अंतरे येथे उपयोगी पडतात. ६ ते ८ मिमी फट असल्यास ती धोक्याच्या जागेपासून किमान २० मिमी दूर हवी. ८ ते १० मिमी फटीला ८० मिमी, १० ते १२ ला १०० मिमी आणि १२ ते २० मिमी फटीला १२० मिमी अंतर हवे. फट २० मिमीच्या पुढे गेली की हे अंतर एकदम ८५० मिमी होते, म्हणजे प्रत्यक्षात तशी फट ठेवताच येत नाही.

हवेची ओढ

कोरड्या ढलप्या नळीतून वाहून नेण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर आणि ओलसर ढलप्यांसाठी सुमारे २८ मीटर असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. १२५ मिमी व्यासाच्या नळीत २० मीटरचा वेग हवा असेल, तर तासाला सुमारे ८८० घनमीटर, म्हणजे ५२० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढली गेली पाहिजे. १०० मिमीच्या नळीला ३३० सीएफएम पुरतात, पण तेवढ्या हवेत रुंद झाकणाचे कोपरे साफ होत नाहीत. डस्ट कलेक्टरच्या (धूळ-ढलप्या ओढून पिशवीत जमवणाऱ्या यंत्राच्या) पाटीवरचा आकडा बहुधा नळी न लावता मिळणारा असतो. लांब लवचीक नळी आणि भरलेली पिशवी यांमुळे प्रत्यक्ष ओढ बरीच कमी होते. त्यामुळे खरेदी करताना हिशोबापेक्षा मोठा कलेक्टर घ्यावा आणि लवचीक नळी झाकण उघडण्यापुरती, म्हणजे साधारण मीटरभर, ठेवून पुढे गुळगुळीत पाइप टाकावा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात आंबा, फणस यांसारखे पुरते न वाळलेले लाकूड रंधताना हा फरक स्पष्ट जाणवतो. हिवाळ्यात मुकाट्याने चालणारे झाकण जुलैत तुंबू लागते, कारण ओली ढलपी जड असते आणि पत्र्याला चिकटते. अशा वेळी कापाची जाडी कमी करणे हाच ताबडतोबीचा उपाय आहे.

हवा बाहेर ओढायची तर ती आत यायलाही वाट हवी, हे मात्र विसरले जाते. १२५ मिमीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर असते. ६०० मिमी रुंद झाकणाच्या पुढच्या कडेला २० मिमीची फट ठेवली तर १२० चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे हिशोब जवळजवळ जुळतो; अट एवढीच, की ती फट पात्यांपासून १२० मिमी दूर असावी. जागा नसल्यास ८ मिमीच्या दोन-तीन फटी एकाखाली एक द्याव्यात आणि प्रत्येक फट किमान २० मिमी दूर ठेवावी. सगळीकडून रबर लावून घट्ट बंद केलेले झाकण दिसायला नीटनेटके असते, पण त्यात हवा हलत नाही.

शोषणाचा संबंध केवळ फळीच्या सफाईशी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवांत कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. रंध्याची ढलपी मोठी असली तरी तिच्याबरोबर बारीक धूळ निघतेच.

पात्यांपर्यंतची वाट

झाकणाची बिजागरी मागच्या बाजूस, ढलप्यांच्या तोंडाकडे ठेवावी. त्यामुळे नळी बिजागरीजवळच राहते व झाकण उघडताना फारशी ओढली जात नाही, आणि पाती बदलणारा माणूस पुढे मोकळा उभा राहू शकतो. पूर्ण रुंदीची पियानो बिजागरी उत्तम, कारण दोन सुट्या बिजागऱ्यांवर रुंद पत्रा पिळतो आणि काही महिन्यांत कडेचे अंतर बिघडते. झाकण ९० अंशांच्या थोडे पुढे जाऊन टेकेल आणि तेथे अडकणीने पक्के राहील अशी व्यवस्था करावी. गॅस स्प्रिंग लावल्यास तो एकटाच आधार मानू नये. जुना झाला की तो हळूहळू बसतो, आणि त्या वेळी खाली कोणाचे तरी डोके असते.

उघडल्यावर तीन गोष्टी हाताशी याव्यात: पाते ब्लॉकमध्ये आवळून धरणाऱ्या पाचरीचे सर्व बोल्ट, पाते वर-खाली करणारे स्क्रू आणि सेटिंग गेज (पात्याची उंची मोजण्याचे साधन) टेकवण्यासाठी ब्लॉकचा मोकळा भाग. पाना सरळ बसून किमान एक-अष्टमांश फेरा फिरेल एवढी जागा प्रत्येक बोल्टला मिळते का, हे पुठ्ठ्याचा साचा करून आधीच पाहावे. पुष्कळ मशिनांवर कडेचे शेवटचे बोल्ट बाजूच्या पट्टीखाली दडलेले असतात. तेच अर्धवट आवळले जातात आणि पाते सुटण्याची सुरुवात तेथून होते. अशी पट्टी थोडी मागे घ्यावी किंवा स्वतंत्र सुटी करावी.

पाती बदलताना ब्लॉक फिरू नये म्हणून त्याला अडकवणारी खुंटी द्यावी. ब्लॉकच्या टोकाला भोक पाडणे टाळावे, त्याने समतोल बिघडू शकतो. खुंटीची सोय पुलीत करावी. खुंटीची मूठ एवढी लांब असावी की ती आत असताना झाकण बंदच होणार नाही. विसरलेली खुंटी मग आपोआप उघडी पडते.

पाचरीचा गाळा, पात्याची बैठक आणि बोल्टचे आटे यांवरची राळ रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने पुसून काढावी व सुकू द्यावी, कारण पात्याखाली राहिलेला भुशाचा पातळ थरही उंचीत फरक पाडतो. पाते ब्लॉकच्या गोलाईपासून साधारण १ मिमी बाहेर असावे. बोल्ट एकेक करून पूर्ण न आवळता आळीपाळीने दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत, आणि सर्व पाती बसल्यावर पहिल्या पात्याचे बोल्ट पुन्हा तपासावेत. त्या मशीनचा पाना, गेज आणि लाकडी खरवडणी यांची जागा मशीनच्या अंगावरच, झाकणाजवळ करावी. पाना शोधायला कपाटापर्यंत जावे लागले की बोल्ट ‘हाताला घट्ट लागला’ यावर काम भागवले जाते.

सर्पिल कटर ब्लॉक (लांब पात्यांऐवजी छोटे चौकोनी तुकडे लावलेला) बसवला असेल तर पाती सेट करण्याचे काम उरत नाही. मात्र प्रत्येक छोट्या चौकोनी तुकड्याच्या स्क्रूपर्यंत वरून सरळ पोहोचता आले पाहिजे, त्यामुळे झाकण अधिक मागे जाणे आवश्यक ठरते.

झाकण आणि वीज

१०० मिमी व्यासाचा ब्लॉक मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ९० किलोमीटरहून अधिक असतो. बटण बंद केल्यावरही तो लगेच थांबत नाही. वेग १,००० फेऱ्यांवर उतरला तरी तीन पात्यांचा ब्लॉक सेकंदाला पन्नास काप घेत असतो. म्हणून झाकणाला लिमिट स्विच (झाकण उघडताच वीज तोडणारा) लावून काम संपत नाही. तो स्विच मोटर बंद करतो, ब्लॉक नव्हे.

प्रथम घड्याळ लावून मशीन बंद केल्यापासून ब्लॉक पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ मोजावा. तो १० सेकंदांहून जास्त असल्यास मोटरला ब्रेक बसवणे हा चांगला उपाय आहे, पण ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनचे आहे, आणि अचानक थांबण्याने पुलीचा नट सैल होणार नाही हेही पाहावे लागते. ब्रेक परवडत नसेल तर एक साधी, पूर्णपणे यांत्रिक युक्ती करता येते. झाकण लांब आट्यांच्या मुठीने बंद करावे व तिचा पहिला फेरा सुटताच स्विच उघडेल अशी रचना करावी. एम १६ च्या (१६ मिमी व्यासाच्या) बोल्टला २ मिमीचा आटा असतो, म्हणजे एका फेऱ्यात तो २ मिमी सरकतो. ४० मिमी आटे ठेवले तर मूठ वीस फेरे सोडवावी लागते. एका फेऱ्याला एक सेकंद धरला तरी वीस सेकंद जातात. ब्लॉक थांबण्याचा वेळ याहून जास्त असेल तर आटे त्या प्रमाणात वाढवावेत. मिनिटभर फिरत राहणाऱ्या ब्लॉकला मात्र ही युक्ती लावू नये; इतके फेरे कोणी सोडवत बसत नाही, तेथे ब्रेकच हवा.

स्विच कोणत्या पद्धतीने बसवतो यालाही महत्त्व आहे. झाकण बंद असताना दाबला जाणारा स्विच चिकटपट्टीने किंवा तारेने दाबून ठेवता येतो, आणि कामाच्या घाईत तसे केले जातेच. त्याऐवजी झाकण उघडताना कॅम (झाकणाबरोबर फिरणारा उंचवट्याचा तुकडा) स्विचला ढकलेल आणि त्याचा नेहमी बंद असणारा संपर्क जबरदस्तीने तोडेल अशी जोडणी करावी. हा संपर्क कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चुंबकीय स्विचच्या) कॉइलला मालिकेत जोडावा. झाकण पुन्हा बंद केल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, हिरवे बटण दाबल्यावरच व्हावे. लाईट जाऊन परत आल्यावरही हाच नियम लागू आहे. साध्या चाकू-स्विचवर चालणारी जुनी मशिने याबाबतीत सर्वांत धोकादायक, कारण गेलेला पुरवठा परत येतो तेव्हा कोणीतरी आतल्या ढलप्या काढत असतो. स्विच ढलप्यांच्या मार्गात न ठेवता बिजागरीच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला ठेवावा.

सरफेस प्लेनर आणि कम्बाइन मशीन

सरफेस प्लेनरवर ब्लॉकच्या वरचे संरक्षण ब्रिज गार्ड (ब्लॉकवर आडवी राहणारी सरकती पट्टी) करतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये धोकादायक भागाला भक्कम संरक्षक असावा व तो भाग चालू असताना जागेवर असावा, असे तत्त्व घातलेले होते. ब्रिज गार्ड टेबलातल्या फटीची पूर्ण लांबी-रुंदी झाकणारा आणि उभ्या व आडव्या दोन्ही दिशांना सहज सरकणारा असावा. सहज या शब्दावर भर द्यावा. दोन पाने लागणारा गार्ड कोणी सरकवत नाही.

येथे ढलप्या खाली पडतात, आणि दुर्लक्ष होते ते खालच्या बाजूकडे. नळी काढली की १०० मिमीचे भोक उघडे पडते व त्यातून पूर्ण हात ब्लॉकपर्यंत जातो. त्यावर जाळी लावली तर ढलप्या तुंबतात. म्हणून नळी हाताने ओढून निघणारी नसावी, स्क्रूच्या पट्टीने आवळलेली असावी, किंवा ढलप्यांच्या घसरगुंडीला वरच्यासारखाच स्विच असावा. कम्बाइन मशीनमध्ये (सरफेस आणि थिकनेस दोन्ही कामे करणाऱ्या) टेबल उचलून ढलप्यांचे झाकण उलटवले जाते. ते दोन्ही स्थितींत नीट बसल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही, अशी जोडणी करून घ्यावी.

चाचणी

सर्व बसवल्यावर प्रथम वीज बंद ठेवून ब्लॉक हाताने फिरवावा, मग लाकूड न घालता मशीन दोन मिनिटे चालवावे आणि खरखर किंवा थरथर ऐकावी. हवेच्या फटींजवळ दोऱ्याचा तुकडा काठीला बांधून धरल्यास तो आत ओढला जातो की बाहेर उडतो हे कळते. त्यासाठी उदबत्तीचा धूर वापरण्याचा मोह काहींना होतो, पण भुशाच्या शोषणयंत्रात निखारा जाणे म्हणजे पिशवीला आग लावणेच होय.

नंतर रुंद, कोरड्या फळीवर आधी १ मिमी आणि मग २ मिमीचा काप घ्यावा व पृष्ठभाग तिरप्या प्रकाशात पाहावा. खळगे एकाच कडेला जास्त दिसल्यास त्या बाजूची मागची पट्टी दूर आहे किंवा त्या कोपऱ्यात हवा पोहोचत नाही. खळगे सर्वत्र असल्यास ओढच कमी आहे. चालू मशीनवर झाकण उघडण्याचा प्रयत्न करून स्विच पहिल्याच फेऱ्यात मोटर बंद करतो का आणि मूठ पूर्ण सुटेपर्यंत ब्लॉक थांबतो का, हेही पाहावे. ही चाचणी दर महिन्याला करावी, कारण कॅम झिजतो आणि पट्टा बदलल्यावर थांबण्याचा वेळही बदलतो. मागच्या पट्टीचे दोन-तीन सुटे नग त्याच मापात कापून ठेवावेत आणि पाती धार लावून परत बसवली की दर वेळी पट्टीचे अंतर नव्याने लावून घ्यावे.